ब्रेक नक्की कुणाचं ऐकतो?

गाडी घेताना आपण काय बघतो? मायलेज! मी तर आधी म्युझिक सिस्टिम बघते. पण 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी याच वाटेने, इंटरनेटवरून, अमेरिकेत हायवेवर धावणाऱ्या जीप चेरोकीचा अ‍ॅक्सिलरेटर घरबसल्या निकामी केला. कंपनीला 14 लाख गाड्या रिकॉल कराव्या लागल्या.

गाडीतले छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी ‘कॅन’ नावाच्या लाइनवर बोलतात. बॉशने ती 1986 मध्ये जगापुढे आणली, तेव्हा गाडीत इंटरनेट कुठे होतं? त्यामुळे निरोप नेमका कुणाचा, हे ती विचारतच नाही. ऑफिसात अनोळखी मेल आपण उघडत नाही. गाडी मात्र आलेला हुकूम निमूट पाळते!

म्हणून सर्व्हिसिंगला गेले की ऑइलसोबत सॉफ्टवेअर अपडेटचीही चौकशी करते. मेकॅनिक हसतो. हसू दे बापडा. ब्रेक माझा आहे; त्याने माझंच ऐकायला हवं.