गिरणीचा पट्टा आणि मस्टँग

गावाकडची पिठाची गिरणी आठवतेय का? मोटरला छोटी पुली, जात्याला मोठी आणि मधे पट्टा. मोटरची पुली आणखी छोटी केली की जातं हळू फिरणार. गाडीतली अंडरड्राइव्ह पुली म्हणजे एवढंच.

आमच्याकडे जातं नाही, पण १९९० सालची फोर्ड मस्टँग आहे, ५ लिटर व्ही-८. चिरंजीवांनी दोन उन्हाळे काम करून स्वतःच्या पैशाने घेतलेली. डॅलसजवळ राहत असल्यामुळे गाडी ही चैन नाही, पण ही गाडी आहे! तर इंजिनाच्या तोंडावर एकच लांब पट्टा असतो. क्रँकशाफ्टची पुली त्यावरून पाण्याचा पंप, आल्टरनेटर, पॉवर स्टीअरिंग आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवते. ही सगळी मंडळी इंजिनाची ताकद खातात. त्यांना २५ टक्के हळू फिरवलं की वाचलेली ताकद चाकांना. चिरंजीवांचं म्हणणं असं.

माझ्या दोन अटी. पहिली, आधी मोजायचं, मग बदलायचं. ऑफिसात रोज हेच सांगतो, घरी का सोडू? दुसरी अट बॅलन्सरची. बऱ्याच गाड्यांत क्रँकची पुली आणि क्रँकशाफ्टची थरथर शोषणारा बॅलन्सर ही एकच वस्तू असते. तिथे नुसती हलकी पुली लावली की बॅलन्सरच गेला, आणि पुढेमागे बेअरिंग किंवा क्रँकशाफ्टवर बेतू शकतं. ह्या मस्टँगमध्ये पुली बॅलन्सरवर चार बोल्टांनी वेगळी बसते. ते डोळ्यांनी पाहिलं आणि हो म्हटलं.

शनिवारी ऊन चढायच्या आत सुरुवात केली. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पट्टा कुठून कसा जातो ते कागदावर काढून ठेवलं (हे कराच, नंतर आठवत नाही), टेन्शनर सैल करून पट्टा उतरवला. मग पंख्याचं आवरण, मग पंख्याचे बोल्ट. क्रँकवर छोटी पुली, पंपावर मोठी, आणि नवा, जरा आखूड पट्टा. तीन तासांत काम फत्ते.

हायवेवर फरक कळला. पाय दाबला की इंजिन मोकळं धावतं. कारण सरळ आहे: पंप आणि पंख्याला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते, वेग पाऊणपट केला तर ती ०.४२ पट होते. पण ही बचत ५००० आरपीएमला. सिग्नलला इंजिन ७०० वर असतं, तिथे ही मंडळी खातातच किती? तिथे वाचत काही नाही, उलट टंचाई होते. एसी आणि दिवे चालू ठेवून आधी १३.४ व्होल्ट मिळत होते, आता १२.५, म्हणजे बॅटरी भरायची सोडून रिकामी व्हायला लागली. शिवाय ह्या गाडीत पंखा पंपावरच बसतो, त्यामुळे पाणी आणि वारा दोन्ही मंदावले. तापमानाचा काटा वर सरकला.

आकडे मी फ्रिजवर लावले आणि गप्प बसलो. गाडी त्याची, निर्णय त्याचा.

माझी आई तेव्हा पुण्याहून आलेली होती. सोमवारी दुपारी ३८ अंशांत नातू तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. प्रत्येक सिग्नलला एसीतून कोमट हवा. आई काही बोलली नाही म्हणे, पदराने वारा घेत राहिली.

पुढच्या शनिवारी मी उठेपर्यंत ह्याने पाने काढून ठेवले होते. म्हटलं, "अरे, पळतेय की छान!"

"बाबा, ५००० वर मी असतो किती वेळ? आणि आजी तर सिग्नललाच बसलेली असते."

मी निमूटपणे बॅटरी धरली.

असो. नव्या पुल्या खोक्यात पडून आहेत. ड्रॅग स्ट्रिपवर पळवणाऱ्यासाठी माल उत्तम, कुणाला हव्या असतील तर सांगा. फक्त आधी आपली गाडी दिवसातून किती वेळ सिग्नलला उभी असते, आणि तेव्हा शेजारी कोण बसलेलं असतं, ते मोजा.