प्रवरेकाठून मालवणच्या पाण्याखाली

गुरुवार, बेलापूर

देवमाशांवरचं संशोधन बघायला निघालोय म्हटल्यावर बेलापुरात लोक हसणारच. मालवणला फोन केला, तर पलीकडून प्रश्न, "म्हणजे नवी मुंबईहून येणार ना?" नाही हो, श्रीरामपूरजवळचं, प्रवरेकाठचं बेलापूर. त्या बेलापूरला निदान खाडी तरी आहे. आमच्या नावाचं रेल्वे स्टेशनसुद्धा श्रीरामपुरात आहे. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रांगत एसटी नगरला पोचली. मुक्काम पुण्यात.

शुक्रवार

पुणे, कोल्हापूर, फोंडाघाट. घाट उतरताना कानाला दडे बसले. रात्री मालवण, सुरमईचं ताट, झोप.

शनिवार, मालवण

उजाडता उजाडता धक्क्यावर. डॉल्फिन हे दात असलेल्या देवमाशांच्याच कुळातले, महाकाय स्पर्म व्हेलचे धाकटे भाऊबंद. इथे किनाऱ्यालगत दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. २०१७ पासून तो जगाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. 'कोकण सीटेशियन रिसर्च टीम'ने सिंधुदुर्गाच्या या पट्ट्यात त्यांच्या पाठीवरच्या पंखांचे फोटो काढून, त्यावरच्या खाचा-ओरखड्यांवरून एकेकाची ओळख पटवली. पण पंख दिसतो क्षणभर. बाकीचं आयुष्य पाण्याखाली, आणि गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग ना त्यांना फारसा, ना आपल्याला.

"थयसर बघा, थयसर!" तांडेल ओरडला. तीन-चार करड्या पाठी वर आल्या, गेल्या. होडीतल्या संशोधक मुलीने वर पाहिलंसुद्धा नाही. "काका, आधी इंजिन बंद होऊ दे." मग तिने केबलला बांधलेला हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, हळूहळू खाली सोडला आणि हेडफोन माझ्या कानाला लावले.

सतत तडतड. ही डॉल्फिनची नव्हे, नांगी आपटणाऱ्या इवल्याशा कोळंबीची. तिच्यामागून बारीक, वर चढत जाणारी शिट्टी आली, लगेच दुसरी. शिकार शोधायचे क्लिक मात्र बहुतेक आपल्या कानांपलीकडचे. लॅपटॉपवर उभ्या रेघा उमटत होत्या, तेवढ्याच. आमच्याकडे बोअरमध्ये खडा टाकून पाणी किती खोल ते आवाजावरून ताडतात. डॉल्फिन तेच सेकंदाला कितीतरी वेळा करतो, आणि मासा जवळ आला की क्लिक इतके दाट होतात की त्यांची गुणगुण होते.

इथल्याच पाण्यातल्या फिनलेस पॉर्पॉइजची गोष्ट आणखी अवघड. पाठीवर पंखच नाही, मग खाचा कुठल्या बघणार? शिट्टीही नाही. क्लिक शंभर किलोहर्ट्झच्या वर, आणि आपला कान विसावर थांबतो. यंत्राने ऐकलं नाही, तर हा प्राणी इथे आहे हेच कळायचं नाही.

नवाच्या सुमारास पर्यटकांच्या होड्या आल्या. पडद्यावरच्या रेघा इंजिनाच्या पट्ट्याखाली बुडाल्या. कुणाचं पोट त्यावर चालतं, मान्य. पण डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्याने डॉल्फिनच्याच कानात भोंगा वाजवावा, हे मला पटत नाही.

रविवार, मालवण

आज समुद्र खवळलेला, होडी नाही. दिवसभर टॅगच्या, म्हणजे प्राण्याच्या अंगावर लावायच्या यंत्राच्या, गप्पा. कोकणाला उपग्रह टॅग ठाऊक आहेत ते कासवांमुळे: जानेवारी २०२२ मध्ये वेळासला 'प्रथमा', २०२३ मध्ये गुहागरची 'बागेश्री', जी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. कासवीण अंडी घालायला स्वतःहून वाळूवर येते. डॉल्फिन कशाला येईल? भारतात गंगेच्या जातीच्या डॉल्फिनला पहिला टॅग लागला तो डिसेंबर २०२४ मध्ये, आसामच्या कुलसी नदीत, एका निरोगी नराला. तो श्वासाला वर येतो जेमतेम ५ ते ३० सेकंद. उपग्रहाला तेवढ्यात निरोप पोचवायचा.

अमेरिकेतल्या वूड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेच्या जॉन्सन आणि टायक यांचा टॅग वेगळा. रबरी वाट्यांनी पाठीला चिकटतो, आवाज आणि हालचाल दोन्ही टिपतो, मग सुटून तरंगतो. त्यातून कळलं की चोचवाले देवमासे पृष्ठभागाजवळ जवळजवळ गप्प असतात आणि खोलवर गेल्यावरच क्लिक सुरू करतात. त्यांच्यातल्याच क्युव्हिएरच्या देवमाशाची २,९९२ मीटरची बुडी कळली, तीही अशाच पाठीवरच्या, पण उपग्रहाच्या टॅगमुळे.

मालवणच्या उथळ पाण्यात मी तरी आधी ऐकण्याच्याच बाजूने. टॅग एका डॉल्फिनचा प्रवास सांगेल, पण इथला प्रश्न कलकलाटाचा आहे, आणि तो सगळ्यांच्याच कानांवर आदळतो. शिवाय हायड्रोफोनसाठी कुणालाही पकडावं लागत नाही.

वारा पडला तर उद्या देवबाग, कर्लीच्या मुखाशी.

(क्रमशः)