डडलीचा डंकन

इंग्लंडच्या मध्यभागी, बर्मिंगहॅम शहराच्या पश्चिमेस, एका उंच टेकडीच्या अंगावर डडली नावाचे जुने नगर वसले आहे. माथ्यावर एका किल्ल्याचे भग्न बुरूज उभे आहेत, आणि त्या किल्ल्याच्याच आवारात १९३७ साली प्राणिसंग्रहालय उघडण्यात आले. देश पाहावयास निघालेला प्रवासी लंडन पाहील, ऑक्सफर्ड पाहील. डडलीला वाट वाकडी करून तो क्वचितच जाईल. तथापि काही लोक मुद्दाम तेथे जातात. ते किल्ल्यासाठी जात नाहीत. अवघ्या एकविसाव्या वर्षी या जगातून निघून गेलेल्या डंकन एडवर्ड्स नावाच्या एका फुटबॉलपटूच्या खुणा शोधीत ते तेथे येतात.

प्रथम त्या भूमीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण ती समजल्यावाचून हा मुलगा समजत नाही. या परगण्यास इंग्रज लोक ‘काळा मुलूख’ म्हणतात. जमिनीखाली कोळशाचे दहा यार्ड जाडीचे थर, जवळच लोखंडाची खनिजे आणि चुनखडी. त्यामुळे येथे खाणी निघाल्या, भट्ट्या पेटल्या, आणि दीडशे वर्षे येथील आभाळ धुराने माखलेले राहिले. ‘टायटॅनिक’ या दुर्दैवी जहाजाचा प्रचंड नांगर १९११ साली डडलीनजीकच्या नेदरटन येथे घडविण्यात आला, आणि तो ओढून डडलीच्या रेल्वे स्थानकावर आणण्यास वीस घोडे जुंपावे लागले. आज हे सारे इतिहासजमा झाले आहे. या मुलखातील शेवटची मोठी खाण १९६८ साली बंद पडली, आणि राउंड ओक येथील पोलादाचा कारखाना १९८२ च्या नाताळाच्या तोंडावर. एवढे मात्र खरे, की जेथे माणसाचा दंड हीच त्याची मालमत्ता समजली जाई, अशा मुलखात डंकन जन्मला.

त्याचा जन्म १ ऑक्टोबर १९३६ चा. वडील ग्लॅडस्टन एडवर्ड्स हे धातूच्या कारखान्यात कामगार होते. आईचे नाव सारा अ‍ॅन. डंकन लहान असतानाच हे कुटुंब प्रायरी नावाच्या वसाहतीत राहावयास गेले. कामकरी लोकांसाठी नगरपालिकेने बांधलेली ही साध्या विटांच्या घरांची वसाहत. तिला हे नाव पडले ते शेजारच्या एका मठाच्या अवशेषांवरून. बाराव्या शतकात क्लूनी संघाच्या संन्याशांनी संत याकोबाच्या नावे येथे मठ स्थापिला होता. आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीत इतर मठांबरोबर तोही मोडला गेला. त्या पडक्या भिंती आजही एका उद्यानात उभ्या आहेत.

या घरात आणखी एक मूल जन्मले होते. कॅरल अ‍ॅन हे तिचे नाव. १९४७ साली, अवघ्या चौदा आठवड्यांची असताना ती वारली. त्यानंतर आईबापांना डंकन हाच एकुलता एक आधार उरला.

शाळेत तो मॉरिस नावाच्या इंग्रजी लोकनृत्यातही तरबेज होता, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. एकदा नृत्याच्या राष्ट्रीय महोत्सवासाठी त्याची निवड झाली, आणि नेमक्या त्याच दिवशी शालेय फुटबॉल संघाच्या निवडीचेही बोलावणे आले. त्याने फुटबॉल पत्करला. मला मात्र राहून राहून असे वाटते, की त्याच्या एवढ्या भरदार देहाला जो तोल लाभला होता, त्यात त्या नाचाचाही वाटा असला पाहिजे.

१९५२ साली तो मँचेस्टर युनायटेड संघात दाखल झाला. खेळात पुढे काही जमले नाही तर पोटापाण्याची सोय असावी म्हणून त्याला सुतारकामाची उमेदवारीही करावयास लाविले होते. ती विद्या उपयोगात आणण्याची वेळ आलीच नाही. ४ एप्रिल १९५३ रोजी, साडेसोळा वर्षांचा असताना तो पहिल्या श्रेणीच्या सामन्यात उतरला. २ एप्रिल १९५५ रोजी, साडेअठराव्या वर्षी, त्याने वेम्बलीच्या मैदानावर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडचा पोशाख अंगावर चढविला. इंग्लंडने तो सामना ७–२ असा जिंकला. महायुद्धानंतर इतक्या लहान वयात कोणी इंग्लंडकडून खेळला नव्हता, आणि हा मान १९९८ सालापर्यंत त्याचाच राहिला.

त्याची जागा ‘लेफ्ट हाफ’ची. आपल्या गोव्यात चर्चच्या शेजारच्या मैदानात, भातकापणी झालेल्या शेतात, फुटबॉल खेळत वाढलेल्या वाचकांना ही जागा काय ते सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो, की बचावफळी आणि आघाडी यांच्या मध्ये, डाव्या हाताला उभा राहून दोन्हींचे काम सांभाळणारा हा गडी असे. डंकन ते सांभाळीत असे आणि वर प्रसंगी मुख्य आघाडीवीर म्हणूनही खेळे. दोन्ही पायांत सारखेच बळ, हवेतल्या चेंडूवर हुकमत, आणि समोरच्याला बाजूस सारून जाण्याची ताकद! २६ मे १९५६ रोजी बर्लिनमध्ये जगज्जेत्या पश्चिम जर्मनीविरुद्ध त्याने प्रतिपक्षाचे गडी ओलांडीत जाऊन जो गोल केला, त्यानंतर जर्मन लोक त्याला ‘बूम बूम’ म्हणू लागले. मँचेस्टर युनायटेडने १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडचे विजेतेपद मिळविले. पुढे स्वतः जगविख्यात झालेला त्याचा सोबती बॉबी चार्लटन आयुष्यभर सांगत राहिला, की ज्याच्यापुढे आपण थिटे आहोत असे वाटले, असा खेळाडू एकटा डंकनच.

आणि एवढ्या कीर्तीचा हा तरुण राहत होता भाड्याच्या खोलीत, एका घरमालकिणीच्या देखरेखीखाली. मोटार नव्हती. सायकलीवरून जाई. एकदा रात्री दिव्यावाचून सायकल चालविल्याबद्दल त्याला पाच शिलिंग दंड झाला, आणि संघाने वर त्याचा दोन आठवड्यांचा पगार कापला! पगार तरी केवढा? हंगामात आठवड्याला १५ पौंड. त्या काळी खेळाडूंच्या वेतनाला नियमाने कमाल मर्यादा घातलेली होती. ती १९६१ साली उठली. दारू आणि रात्रीचे जागरण यांपासून तो दूर असे. त्याचे लग्नही ठरले होते.

आता त्या दु:खद प्रवासाकडे वळणे प्राप्त आहे. ५ फेब्रुवारी १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेड संघाने बेलग्रेड येथे रेड स्टार संघाशी ३–३ अशी बरोबरी साधून युरोपीय चषकाच्या उपान्त्य फेरीत प्रवेश मिळविला. दुसऱ्या दिवशी परतताना त्यांचे विमान इंधन घेण्यासाठी म्युनिकच्या रीम विमानतळावर उतरले. बर्फ पडत होते. दोन वेळा उड्डाणाचा यत्न फसला, आणि मंडळींना उतरवून पुन्हा इमारतीत आणण्यात आले. आजचे उड्डाण रद्द झाले, उद्या निघू, अशी तार डंकनने आपल्या घरमालकिणीला पाठविली. परंतु थोड्याच वेळात सर्वांना पुन्हा विमानात बोलाविण्यात आले. तिसऱ्या यत्नात धावपट्टीवरच्या बर्फाच्या चिखलाने विमानाचा वेग घटला. ते वर उचललेच नाही आणि कुंपण तोडून एका घरावर आदळले. विमानात ४४ माणसे होती. त्यांपैकी एकूण २३ जणांनी प्राण गमावले, आणि त्यांत आठ खेळाडू होते. तार इंग्लंडात पोहोचली ती अपघातानंतर.

डंकन तत्काळ मेला नाही. इझार नदीकाठच्या रुग्णालयात तो पंधरा दिवस मृत्यूशी झुंजला. पाय व फासळ्या मोडल्या होत्या. परंतु मुख्य इजा झाली होती ती मूत्रपिंडांना. डॉक्टरांनी कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र आणवून उपचार केले, आणि या रोग्याच्या जीवनशक्तीचे त्यांनाही आश्चर्य वाटले. त्याच रुग्णालयात संघाचे व्यवस्थापक मॅट बझ्बी पडले होते. बझ्बी श्रद्धाळू कॅथलिक. त्यांना दोनदा शेवटचे संस्कार देण्यात आले, आणि ते वाचले. साहाय्यक व्यवस्थापक जिमी मर्फी हे वेल्सच्या संघाबरोबर असल्यामुळे त्या विमानात नव्हते. ते भेटावयास आले तेव्हा डंकनने विचारले, की वुल्व्ह्जविरुद्धचा सामना किती वाजता सुरू व्हायचा आहे? वुल्व्ह्ज म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनचा संघ. त्याच्या डडलीपासून हाकेच्या अंतरावरचे ते शहर. त्याच्या घराजवळचाच संघ! तो सामना त्याला चुकवायचा नव्हता.

२१ फेब्रुवारी १९५८ रोजी पहाटेच्या अंधारात त्याचे निधन झाले.

रीमचा तो विमानतळ १९९२ साली बंद झाला. पण बाजूच्या ट्रुडरिंग वस्तीत, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एक लहानसा लाकडी क्रूस त्या मृतांच्या स्मरणार्थ उभा आहे. क्रूसावर प्रभू येशू, आणि खाली फुलांनी भरलेली एक दगडी डोणी. वसईत, गोव्यात, सावंतवाडीकडे वाटेच्या वळणावर आपण जे क्रूस पाहतो, तशाच जातीचे हे बव्हेरियातील स्मारक आहे. पुढे २००८ साली तेथील चौकाला मँचेस्टरचे नाव दिले गेले. मोठमोठी स्मारके इंग्लंडात आहेत. पण परक्या मुलखातील शेजाऱ्यांनी रस्त्याकडेला उभारलेला हा क्रूस मला त्या सर्वांहून अधिक भिडतो.

२६ फेब्रुवारी रोजी डडलीच्या रस्त्यांवर पाच हजारांहून अधिक लोक दुतर्फा उभे राहिले. प्रायरी वसाहतीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. हे चर्च अँग्लिकन पंथीयांचे, आणि दिसण्यात अगदी साधे. येथेच ती प्रसिद्ध रंगीत काचेची खिडकी आहे. फ्रान्सिस स्कीट नावाच्या कलावंताने ती रेखाटली, आणि ऑगस्ट १९६१ मध्ये मॅट बझ्बी यांनी स्वतः येऊन तिचे अनावरण केले. संतांच्या व देवदूतांच्या जागी फुटबॉलच्या पोशाखातला एक तरुण! एका भागात मँचेस्टरचा लाल सदरा, दुसऱ्यात इंग्लंडचा पांढरा. एकात त्याने गुडघा टेकला आहे. चर्चमध्ये खेळाडूचे चित्र शोभते काय, असा प्रश्न एखाद्या भाविकाच्या मनात येईल, आणि तो गैर नाही. पण ते चित्र कोणी पूजेसाठी लावलेले नाही. ज्या वाडीत मूल वाढले, तिने आपल्या उपासनेच्या घरात त्याला बसावयास जागा दिली, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

नगरानेही त्याचे नाव जागोजाग कोरले आहे. एका रस्त्याला ते आहे, २०२२ साली उघडलेल्या क्रीडाकेंद्रालाही आहे. प्रायरीतील एका मद्यगृहालाही २००१ साली त्याचे नाव दिले होते. ते पाच वर्षेही टिकले नाही, आणि मग कोणी त्यास आग लावली. न पिणाऱ्या मुलाच्या नावाला ती जागा तशीही साजत नव्हती! बाजारचौकात त्याचा कांस्य पुतळा आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात त्याचे अनावरण झाले, तेव्हा बॉबी चार्लटनच्या शेजारी त्याची आई उभी होती. नव्वदीच्या आसपासची ती माता चार वर्षांनी, २००३ साली निवर्तली. मुलाच्या पाठीमागे ती पंचेचाळीस वर्षे जगली. मुलाचे सारे आयुष्य त्याच्या निम्म्याहूनही कमी.

शेवटी क्वीन्स क्रॉस येथील दफनभूमीत जावे. डंकनची कबर त्याच्या चौदा आठवड्यांच्या बहिणीशेजारी आहे. काळ्या दगडावर चेंडू डोक्यावर धरून फेकण्याच्या बेतात असलेला खेळाडू कोरला आहे, आणि लाल-पांढरे गळपट्टे व फुले लोक अजूनही आणून ठेवतात.

मुलाच्या मृत्यूनंतर ग्लॅडस्टन एडवर्ड्स कारखाना सोडून याच दफनभूमीत माळी म्हणून नोकरीस लागले. मुलाच्या जवळ राहावे म्हणून बाप येथे आला, असे सारा गाव म्हणे. आर्थर हॉपक्राफ्ट नावाचे पत्रकार त्यांना भेटले, आणि १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ती भेट नमूद केली आहे. म्हाताऱ्याने त्यांना सांगितले, की लोकांचे म्हणणे बरोबर नाही. मला काम बदलणे भाग होते, फुलझाडांची आवड पहिल्यापासूनची, आणि उघड्या हवेत राहावे असे वाटले, म्हणून आलो. त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखविण्याचे आपल्याला कारण नाही. १९७५ साली ते वारले. तोवर त्या आवारातील इतर कबरींबरोबर आपल्या दोन्ही लेकरांच्या कबरींभोवतीचे गवतही त्यांच्याच देखरेखीखाली होते.