एवढा एकच हिरवा

एप्रिलमध्ये जालन्याहून अंबडच्या रस्त्याला लागलं की नजरेला विसावा म्हणून मिळत नाही. नांगरून टाकलेली काळी रानं, कडेची पांढरट माती, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या. मध्येच एखादी मोसंबीची बाग येते आणि डोळे तिथं थांबतात. त्या बागेकडं बघणाऱ्याला आधी विहीर दिसते. विहिरीला पाणी आहे, ठिबकच्या नळ्या फुटलेल्या नाहीत, रात्री लाइट आली तेव्हा कुणीतरी उठून मोटर चालू केली आहे, एवढं सगळं त्या एका रंगात वाचता येतं. म्हणून या जिल्ह्यातल्या एखाद्या घरानं हॉलसाठी हिरवा सोफा पसंत केला की मला त्या घराविषयी आपुलकी वाटू लागते.

दुकानात हिरव्याचे प्रकार पुष्कळ असतात: पोपटी, पिस्ता, मेंदी, शेवाळी, बॉटल ग्रीन. मला विचाराल तर मोसंबीच्या जून पानाचा हिरवा घ्यावा. ते पान हातात धरून पाहा. वरची बाजू गडद, तुकतुकीत. उलटं केलं की फिकट, जरा राखाडी. मखमलीचंही असंच असतं. लवेच्या दिशेनं हात फिरवला तर रंग उजळतो, उलटा फिरवला तर काळोखा होतो, आणि कुणी बसून उठलं की दोन्ही छटा शेजारी शेजारी उमटतात. सपाट रेक्झीनच्या हिरव्यात ही गंमत नाही.

आता या सोफ्याभोवती खोली कशी लावायची? पहिला मोह होतो तो मॅचिंगचा. हिरवा सोफा, हिरवे पडदे, एक भिंत हिरवी, कोपऱ्यात प्लॅस्टिकची हिरवी वेल. माझा याला ठाम विरोध आहे. आपल्या डोळ्याला पिवळसर हिरवा उजेड सगळ्यांत जास्त जाणवतो. तेव्हा हिरव्याला जोडीला आणखी हिरवं लागत नाही. खोलीत तो एकाच ठिकाणी असावा आणि बाकी सगळं या मुलखाचं असावं.

भिंतीपासून सुरुवात करू. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना पांढऱ्या मातीची सवय होती. भिंत पांढरी, पण चुन्यासारखी लखलखीत नव्हे, किंचित पिवळट, उन्हात तापलेली. रंगाच्या दुकानात त्याच्या जवळची छटा सहज मिळते. तिच्यापुढं हिरवा सोफा ठेवला की बांधापलीकडची बागच दिसते. फरशी शहाबादी असेल तर भाग्यच. शहाबाद आणि जालना दोन्ही एके काळी निजामाच्या राज्यात होते. ती निळसर करडी फरशी आमच्या जुन्या घरांत मुरलेली आहे. कोटा फरशी मात्र जपून वापरावी, तिला स्वतःचीच हिरवट झाक असते आणि ती सोफ्याशी भांडते. टीपॉय विकत आणू नये. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, सळईचे कारखाने इथलेच. एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा ठेंगणा सांगाडा करून घ्यावा आणि वर शहाबादीचा तुकडा, कडा घासून, बसवावा. गरम चहाचा कप ठेवला तरी डाग पडायची धास्ती नाही.

सोबतीच्या रंगांसाठी रंगाऱ्यांच्या जुन्या कामाकडं पाहावं. रासायनिक रंग येण्यापूर्वी कापडाला पक्का हिरवा एका बुडीत मिळत नसे. नीळ द्यायची आणि तिच्यावर हळद किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळा चढवायचा. हिरव्याच्या पोटात हे दोघं असल्यामुळं निळीचा गडद निळा आणि हळदीचा पिवळा त्याच्याजवळ परके वाटत नाहीत. निळ्या पट्ट्यांची सतरंजी खाली, हळदी रंगाच्या दोन उशा वर, भिंतीजवळ पितळेची समई. लाल रंग हिरव्याच्या थेट समोरचा. हिरव्या खणाला लाल काठ का उठून दिसतो, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण तो काठाएवढाच ठेवावा. सोफ्याच्या हातावर आजीची जुन्या लुगड्यांची वाकळ घडी करून टाकली तर तेवढा लाल तिच्यातूनच येतो.

उजेडाचंही पाहायला हवं. निळसर पांढऱ्या एलईडीखाली गडद हिरवा थंड पडतो, फार पिवळ्या बल्बाखाली तपकिरीकडं झुकतो. मधला दिवा बरा. पश्चिमेच्या खिडकीसमोर सोफा ठेवू नये. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ते तिरपं ऊन मखमलीचा रंग खाऊन टाकतं. मांजरपाटाचा पडदा आणि बसायच्या जागी पांढरी सुती चादर एवढं केलं की उन्हाळा निभावतो. धूळ रोजचीच. काळ्या रानाची धूळ मऊ असते, लवेत शिरते. ती ओल्या फडक्यानं पुसली की चिखल होतो. आधी कोरड्या ब्रशनं झाडावी.

पण खोली नुसत्या रंगांनी लागत नाही. माझे मामा घनसावंगीकडून यायचे ते शेतातून थेट. हॉलमध्ये आल्यावर सोफ्याकडं एकदा पाहायचे आणि भिंतीला टेकून खाली बसायचे. वर बसा म्हटलं की म्हणायचे, "राहू दे माय, धोतराला माती लागलीय. मी हितंच बरा." त्यांच्याच बागेनं 2012-13 च्या दुष्काळात जीव सोडला होता. त्या साली जिल्ह्यात किती बागा वाळल्या! लोकांनी विकतच्या टँकरनं झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि मग तीच झाडं कुऱ्हाडीनं तोडली. ज्या माणसानं हिरवं राखण्यासाठी एवढं सोसलं, त्याला एका हिरव्या सोफ्यावर बसायला संकोच वाटावा, हे मला सहन होत नसे.

जुन्या वाड्यांत ढाळज असायची. दाराच्या दोन्ही अंगांना ओटे, वर जाजम, लोड. पायाची धूळ झटकली की कुणीही तिथं बसत असे. ती सोय सोफ्यानं मोडली. ती परत करता येते. सोफा उंच पायांचा, फार रुबाबदार घेऊ नये, बुटका घ्यावा. त्याच्या काटकोनात भिंतीशी एक गादी घालावी, सतरंजी आणि दोन लोड ठेवावेत, म्हणजे खाली बसलेला आणि वर बसलेला यांची नजर जवळपास एका पातळीवर येते. आमच्याकडं अशी मांडणी झाल्यावर मामा गादीवर ऐसपैस बसू लागले आणि बोलता बोलता त्यांची पाठ सोफ्याला टेकू लागली.

शोकेस, कारंजं, छताला पीओपीची नक्षी, यातलं काही नसलं तरी बिघडत नाही. मोसंबीच्या हंगामात टीपॉयवर पितळी परातीत फळं ठेवावीत, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी पडलेली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे; आपल्या हॉलमध्ये तिला मानाची जागा मिळायलाच हवी.

सोफा घरी आला की त्याच्यावरचं प्लॅस्टिक त्याच दिवशी काढा. कापड मळेल, विटेल, मळू द्या. सांगाडा चांगल्या सागाचा असला तर त्याच्यावर नवं कापड पुन्हा चढवून मिळतं.