समुद्राकाठचा एक दिवस, ज्येष्ठांच्या चालीने

नायगावहून कोकणचा किनारा ५०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. आपल्या भागातील कितीतरी ज्येष्ठांनी पंढरपूर आणि तुळजापूरच्या वाऱ्या केलेल्या असतात. समुद्र मात्र पाहिलेला नसतो. माझ्या आईचेही तसेच होते. ती ७६ वर्षांची असताना आम्ही तिला रत्नागिरीला नेले. एका दिवसात सहा ठिकाणे पाहण्याचा बेत मी आखला होता. भाट्ये, थिबा राजवाडा, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड आणि जयगड.

चौथ्या ठिकाणी, भर दुपारी, बाकावरून उठताना आईला भोवळ आली. रक्तदाब बराच उतरला होता. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली होती, तिच्यात लघवीवाटे पाणी काढणारे औषधही होते. आणि तिने सकाळपासून दोन घोटांपलीकडे पाणी घेतले नव्हते. विचारले तेव्हा म्हणाली, "घडीघडी गाडी थांबवायला लावायची का तुम्हाला? म्हणून पाणीच पिले न्हाई." रुग्णांना रोज पाण्याविषयी बजावणाऱ्या माझ्या हे ध्यानातही आले नव्हते. सलाईननंतर ती सावरली. पण तो दिवस गेला.

वाचकहो, त्या दिवसाने मला शिकवले की ज्येष्ठांच्या सहलीचा आराखडा स्थळांवरून नव्हे, थांब्यांवरून आखावा. तोच मार्ग आता मी असा सुचवेन.

आपल्याकडून लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाट उतरावा. कोल्हापूरला एक मुक्काम हवाच. गाडीत तासन् तास पाय लोंबते राहिल्यास पायांवर सूज येते, क्वचित शिरेत रक्ताची गुठळीही होते. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. "लघवीला जायचे का?" असे विचारू नये; ज्येष्ठ संकोचाने नाही म्हणतात. न विचारताच थांबावे. रत्नागिरीस पोहोचल्यावर ती रात्र केवळ विश्रांतीची ठेवावी.

दुसऱ्या दिवशी न्याहारी आणि औषधे उरकून आठच्या सुमारास किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघावे. अंतर सुमारे २५ किलोमीटरच आहे. वाटेत आरे-वारेची जोड पुळण लागते. इथे रस्ता टेकडीच्या कडेने चढतो आणि खालचा किनारा वरूनच दिसतो; गुडघ्यांनी साथ सोडलेल्यांनाही एक पायरी न उतरता समुद्र भेटतो. हा पहिला थांबा.

दुसरा थांबा गणपतीपुळे. मंदिर किनाऱ्यालगतच आहे. प्रदक्षिणा मात्र संपूर्ण टेकडीला घालावी लागते आणि ती सुमारे एक किलोमीटरची आहे. धाप लागणाऱ्यांनी केवळ दर्शनावर समाधान मानावे. साडेबारापर्यंत जेवण करून आधीच ठरवलेल्या खोलीत चार वाजेपर्यंत आडवे व्हावे. आपल्या मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात घाम वाळतो आणि अंग निवते. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, उष्णता अंगातच राहते. म्हणून हिवाळ्यातही तिथली दुपार सावलीतच घालवावी.

चारनंतर जवळच्या मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहावे. शाळेत 'तुतारी' शिकलेल्या पिढीला तिथे बोलायला पुष्कळ असते. हा तिसरा थांबा. जयगड सोडून द्यावा. सूर्यास्ताला पुन्हा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर यावे आणि मुक्कामही तिथेच करावा, म्हणजे अंधारात वळणाचा रस्ता नको.

किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पाय रुततात आणि तोल जातो. ओलसर घट्ट वाळूवर, कुणाचा हात धरून चालावे. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. तापलेली वाळू किंवा शिंपल्याची धार कळत नाही. पादत्राणे काढू नयेत आणि रात्री तळवे न्याहाळावेत. भरतीची वेळ स्थानिकांना विचारावी. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यास धोकादायक आहे. पाण्यात घोट्यापलीकडे कुणीच जाऊ नये.

औषधे हाताशीच्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नये, त्याला थेट बर्फही लावू नये. मधुमेहींच्या खिशात साखर असावी. जेवण लांबले की रक्तातील साखर उतरते. लघवी वाढवणारी गोळी मनाने बंद करू नये. प्रवासात ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळे टाळावे, त्यात पोटॅशियम बरेच असते. हृदयविकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळावे. अडचण आल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आमचा राहिलेला बेत आम्ही रद्द केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला पुळ्याच्या किनाऱ्यावर खुर्चीत बसवले, पाण्याची बाटली हाती दिली. बराच वेळ ती लाटा पाहत राहिली. मग वळून तिने विचारले, "आता आणिक कुठं जायचं न्हाई ना?" मी नाही म्हणालो. तेव्हा तिने पाय सैल सोडले आणि बाटलीचे झाकण उघडले.