पहिलटकरीण

दिवाळी हा लेकीबाळींचा सण. भाऊबीजेला माहेरी आलेल्या लेकीच्या चेहऱ्याकडे आई आधी पाहते आणि मग, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, तिच्या पोटाकडे. आमच्या झाडीपट्टीत याच दिवसांत धान कापणीला येते, मंडया भरतात, रात्र रात्र नाटके रंगतात आणि त्या गर्दीत सोयरिकींचीही बोलणी होतात. तेव्हा सणासुदीला हा विषय कशाला, असे वाचकांनी म्हणू नये.

'पहिलटकरीण' हा शब्द मला फार आवडतो. त्यात कौतुक आहे आणि काळजीही आहे. पण या शब्दाला वय नाही. पंचविशीतली सून पहिलटकरीण आणि सोळा वर्षांची पोरही पहिलटकरीणच. मी शिक्षिका, मला वय हजेरीपटावर दिसते. सुटीनंतर एखादे नाव पुकारावे, तर उत्तर येत नाही. शेजारची मुलगी हळूच सांगते, "बाई, तिचं जमलं." वर्षभराने ती आठवडी बाजारात भेटते. कडेवर चिमणीएवढे मूल, ओठ पांढुरके. मला पाहून वर्गातल्या सवयीने उठून उभी राहते.

"आमची नाही का झाली त्या वयात?" असे म्हाताऱ्या म्हणतात. खरे आहे. पण किती झाली आणि किती राहिली, असे विचारले की त्या बोटांवर मोजू लागतात आणि मध्येच थांबतात.

सोळाव्या वर्षी मुलीचे स्वतःचेच हाड अजून वाढत असते, कमरेची कमान पुरती रुंदावलेली नसते. त्यात पोटी बाळ आले की एकाच ताटात दोन वाढती मुले जेवायला बसतात. रक्त आधीच कमी. ते आणखी पातळ होते. रक्तदाब चढून झटके येणे, मूल अडणे, बाळंतपणानंतर जंतुदोष होणे, हे धोके विशी ओलांडलेल्या स्त्रीपेक्षा या वयात अधिक. बाळही पुष्कळदा दिवस भरण्याआधी येते किंवा अडीच किलोहून कमी भरते. अशा बाळाला अंगची ऊब राखता येत नाही, ओढून पिता येत नाही. त्यात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद!

अशी बाळे वाचवता येतात, हे याच मुलुखाने जगाला दाखवले. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग तेथे आले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. गावातलीच थोडी शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. बाळाला तोलणे, उबदार पिशवीत ठेवणे, श्वास मोजणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हे सारे ती करू लागली. पूर्वी तेथे हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो वृत्तान्त छापला. पुढे २०११ पासून देशभरच्या आशाताईंकडे हेच काम आले.

पण आरोग्यदूत दारात येते ती बाळ जन्मल्यावर. त्याआधीची दोन-चार वर्षे आईबापांच्या हातात असतात. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १९२९ साली चौदा ठरवले, १९७८ मध्ये अठरा केले. कायदा पुढे सरकला, तरी मांडवातली घाई पुरती ओसरलेली नाही.

कोवळ्या वयात दिवस गेलेच, तर पोरीला बोल लावू नये. आशाताईकडे लगेच नाव नोंदवावे, रक्त आणि सिकलसेल तपासून घ्यावे, लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत, ताटात तिला आधी वाढावे आणि दिवस भरत आले की तिला दवाखान्याजवळ ठेवावे.

आणि ज्यांच्या घरी अजून नुसती बोलणीच चालली आहेत, त्यांनी यंदा फराळाचे ताट पुढे करताना पाहुण्यांना सांगावे, "पोर लहान आहे, शिकते आहे. अजून चार दिवाळ्या थांबा." सोयरा खरा असेल तर थांबेल.