काडेपेटीतला विंचू

प्राणिवेडा लेखक जेराल्ड डरेल जन्मला आपल्या जमशेदपूरला, 1925 साली. त्याची खरी शाळा मात्र ग्रीसचं कॉर्फू बेट. पाठीवर पिल्लं घेतलेली विंचवाची मादी त्याने काडेपेटीत घालून घरी आणली. थोरल्या भावाने सिगरेट पेटवायला तीच पेटी उघडली आणि टेबलाभोवती एकच हलकल्लोळ! त्याच्या पुस्तकातला हा प्रसंग मी आज पुन्हा वाचला. त्या गोंधळातही पोराला काळजी विंचवांचीच. म्हणून तो मला इतका जवळचा वाटतो.

1945 मध्ये व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयात तो शिकाऊ म्हणून लागला. 1959 मध्ये जर्सी बेटावर त्याने स्वतःचंच उभं केलं. पुस्तकं, पुढे टीव्हीवरच्या मालिका, सगळी धडपड या कामासाठी. नुसते बघ्यांसाठीचे पिंजरे त्याला मान्य नव्हते. नामशेष होऊ घातलेले जीव वाढवायचे आणि जमेल तेव्हा पुन्हा रानात सोडायचे, हा त्याचा हट्ट. किती योग्य हट्ट! मॉरिशसची गुलाबी कबुतरं 1990च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरली होती. आज ती शेकड्यांनी आहेत, आणि त्यात जर्सीच्या माणसांचा मोठा वाटा आहे.